लपलेलं पोरगं हासते

बाबा,

तुमची तेरवी परवा झाली. मंडप सुटला, सतरंज्या परत गेल्या, दोघी बहिणी आपापल्या गावी पोचल्या. आज सकाळी मी हातमागाच्या खोलीचं दार उघडलं. तुमच्या चरख्यावर सुतानं अर्धी भरलेली कांडी तशीच अडकून होती. सुनंदा दारातूनच म्हणाली, "राहू द्या ना तशीच." मी म्हटलं, राहू देतो.

मी बोलणारा माणूस नाही हे तुम्हाला माहीत आहे. आपल्या घरात बोलण्याचं काम मागच करायचा. मी मागावर, तुम्ही चरख्यावर, मधे कोशाच्या रेशमी सुताचा वास, आणि आपल्यातलं बोलणं म्हणजे "कांडी संपली", "चहा झाला काय", "व्यापारी कधी येऊन राहिला" एवढंच. अशी कितीतरी वर्षं गेली. मला वाटायचं, बापलेकांना याहून जास्त काय लागते. आंधळगावच्या आपल्या गल्लीत याहून जास्त बोलणारे बापलेक मी पाहिलेही नाहीत.

तरी लिहून राहिलो आहे. तुम्ही मला एक गोष्ट विचारली होती आणि मी ती टाळली होती. त्याचं उत्तर द्यायचं राहिलं. पण सरळ तिथं पोचणं माझ्याच्यानं होणार नाही, म्हणून तुमच्या अंगणवाडीपासून सुरुवात करतो.

आरू तेव्हा तीन वर्षांची होती. आमच्या लग्नाला इतकी वर्षं होऊन झालेली एकुलती पोर, आणि ती बोलत नव्हती. "आई", "पाणी", "नाही", बस. कोणी म्हणे मुलगी उशिरा बोलते, कोणी म्हणे जीभ जड आहे. सुनंदाला वाटलं कानात काही असेल, म्हणून आम्ही तिला भंडाऱ्याला नेलं. डॉक्टरांनी कान तपासले आणि म्हणाले, ऐकू तर हिला फार छान येते. मला हायसं वाटलं. त्या "फार छान"मध्ये काय होतं ते मला कळलं नाही.

त्याच सुमारास अंगणवाडीच्या ताईंनी लहान लेकरांच्या आईबापांच्या बैठका सुरू केल्या. गुरुवारी संध्याकाळी. सुनंदा जायची. मग एकदा निरोप आला, या वेळी आयांनी यायचं नाही, वडिलांनीच यायचं. मी मागावरून मान वर न करता म्हटलं, "मले नाही जमत. लेकराले कसं वाढवायचं थे आता मी अंगणवाडीत शिकू काय?"

तुम्ही चरख्यावरून म्हणालात, "मी जातो."

"बाबा, त्यायले वडील पाहिजे," सुनंदा म्हणाली.

"मंग मी कोण आहो? मी त बापाचा बाप आहो. डबल वडील."

आणि पांढरा सदरा घालून, काठी घेऊन, खरंच गेलात. मला वाटलं, चहा-बिस्किटासाठी गेले असतील. संध्याकाळी परत आलात ते हसतच. सुनंदाला सांगत होतात, मी ऐकत नसल्यासारखं ऐकत होतो. ताईंनी सगळ्या गड्यांना खाली बसवलं होतं. एकानं गुडघे पोटाशी घेऊन लहान होऊन बसायचं आणि दुसऱ्यानं त्याच्यासमोर उभं राहून, घरी लेकरावर जसं ओरडता तसं ओरडायचं.

"मले खाली बसवलं," तुम्ही म्हणालात. "आन् त्या किराणावाल्या पोट्ट्याले म्हणे, ओरड ह्यायच्यावर. तो म्हणे, आबाजीवर कसा ओरडू? ताई म्हणे, आबाजी आता तीन वर्साचे आहे. मंग ओरडला लेकाचा. चांगला ओरडला. घरी प्रॅक्टिस असंल त्याची."

सुनंदा पदर तोंडाला लावून हसत होती. तुम्ही चहाचा घोट घेतला आणि थोड्या वेळानं वेगळ्याच आवाजात म्हणालात, "खालून माणूस लय मोठा दिसते वो बाई."

मी माग जोरात चालवायला लागलो.

तुम्ही त्या ताईंशी भांडूनही आला होतात. सगळ्यांसमोर उभं राहून म्हणाला होतात, आम्ही मार खाऊनच वाढलो, आमचं काय बिघडलं? सुनंदानं विचारलं, "मंग ताई काय म्हणाल्या?" तर म्हणे ताई म्हणाल्या, आबाजी, माहा बापही तसाच होता, मले अजून त्याचं उत्तर सापडलं नाही, तुम्ही चहा घ्या. हे उत्तर तुम्हाला फार आवडलं. पुढच्या गुरुवारी, "तिले उत्तर सापडलं काय पाहून येतो," म्हणून तुम्ही पुन्हा गेलात. मग जातच राहिलात.

काय शिकवतात, असं मी कधी विचारलं नाही. तुम्हीही मला सांगत नव्हतात. पण सांगायचात मला ऐकू येईल अशा बेतानं, सुनंदाला. लेकरू ज्याकडे पाहते तिकडे आपणही पाहायचं. त्यानं "बा" केलं तर आपण "बा" करायचं, मग ते पुन्हा करते. काही करायच्या आधी त्याला सांगायचं, आता कपडे बदलू, आता लाइट बंद करू. मी मनात म्हणायचो, यासाठी बैठका?

एक गोष्ट मात्र डोक्यात राहिली. ताई म्हणाल्या होत्या, भेव प्रत्येकच लेकराला लागते. कुत्र्याचं लागते, ढगाचं लागते. मांडी मिळाली की ते उतरून जाते. पण भेव घरातच असलं, रोजचं असलं, आणि जायला मांडी नसली, तर ते लहानसं शरीर सारखं सावध राहते. मग झोप नाही, खाणं नाही, बोलणं नाही. तुम्ही सुनंदाला समजावून सांगत होतात, "रातपाळीच्या चौकीदारासारखं होते म्हणे लेकरू. आता चौकीदार काय खेळंन?"

आणि मग तो व्यापारी आला त्या दिवसाची गोष्ट.

आपल्या घरात तेव्हा एक गंमत होती. माग थांबला की आरू लपायची. तांदळाच्या कोठीमागं जाऊन बसायची, गुडघे पोटाशी घेऊन. माग सुरू झाला की बाहेर. ही गंमत कधी सुरू झाली आठवत नाही, पण मला तिचं कौतुक होतं. पोरगी बोलत नाही तरी हुशार आहे, मागाचा आवाज ओळखते, असं मी गल्लीत सांगायचो. त्या दिवशी भंडाऱ्याहून व्यापारी माल पाहायला आला होता. मी त्याला म्हटलं, "तुमाले मजा दाखवतो." मागावर बसलो, चार-दोन हात मारले आणि एकदम थांबलो. आरू पळत कोठीमागं गेली. व्यापारी हसला. मी पुन्हा सुरू केला, ती बाहेर आली. पुन्हा थांबलो. पुन्हा पळाली. तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

तुमचा चरखा थांबला होता. ते मला नंतर जाणवलं.

व्यापारी गेला. तुम्ही म्हणालात, "लपलेलं पोरगं हासते गा."

"काय?"

"लपाछपीत. लपलेलं पोरगं हासते. आपल्याले कोणीतरी पाहावं म्हणून आतल्या आत खीखी करते. आरू हासत नाही." मग म्हणालात, "तूही नव्हता हासत."

बाबा, तुम्हाला माहीत होतं. मी लहानपणी सुताच्या पोत्यांमागं लपून बसायचो ते तुम्ही पाहिलेलं होतं.

आज हे लिहितोच. तेव्हा मागावर तुम्ही बसायचात, आणि तुमचा माग थांबला की घरातलं सगळं थांबायचं. मायचा भांड्यांचा आवाज थांबायचा. बहिणी श्वास धरून बसायच्या. तुम्ही नुसतं पाणी प्यायला उठत असाल, बिडी ओढायला उठत असाल, पण आम्हाला ते उठेपर्यंत कळत नसे, आणि कधीकधी तुम्ही पाणी प्यायला उठलेले नसायचात. शाळेत गुरुजी फळ्यावर लिहिता लिहिता थांबले तरी मी बाकाखाली वाकायचो. पोरं मला "वाक्या" म्हणायची. तुम्ही वाईट माणूस नव्हतात. व्यापाऱ्यानं कापड परत केलं की राग त्याच्यावर निघत नाही, खाली निघतो, आणि खाली आम्ही होतो. मी हे समजून घेतलं होतं. समजून घेतलं म्हणजे संपलं, असं मला वाटत होतं.

पण त्या दिवशी मी असं काही बोललो नाही. मी ओरडलो. म्हणालो, "तुमी मले शिकवू नका. तुमाले कायले आताच सुचलं हे? तवा कुठं होती तुमची अंगणवाडी?"

तुम्ही खाली पाहिलं आणि कांडी भरायला लागलात. कोठीमागं आरू होती. मी ओरडत असताना ती तिथंच होती.

मी ओरडलो कारण मला एक दुसरी गोष्ट आठवली होती. ती तुम्हाला माहीत होती की नाही याची खातरी मला तुमच्या जिवंतपणी करून घेता आली नाही. त्याच्या काही महिने आधी आरूनं भरलेल्या कांड्या उलगडून टाकल्या होत्या. सगळ्या खोलीभर सूत, मधे ती, खुशीत. तुम्ही बाजारात गेला होतात. माझ्या हातात मागाचा लाकडी धोटा होता. मी तो फेकला. तिच्यावर नाही, भिंतीवर, असं मी स्वतःला सांगत आलो. तो भिंतीला लागला तिच्या डोक्याच्या वर, फार वर नाही. लाकडाच्या टोकाला लोखंड असते, गिलाव्याची खपली उडाली. ती रडलीसुद्धा नाही. नुसती माझ्याकडे पाहत राहिली.

तुम्ही बाजारातून आलात, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणालात, "उंदरानं पोखरलं वाटते." दुसऱ्या दिवशी थोडं सिमेंट कालवून ती जागा तुम्हीच बुजवली. बाबा, उंदीर भिंतीच्या मधोमध पोखरत नाही. तुम्ही जुने विणकर, धोट्याचं टोक ओळखता. तुम्ही माझी लाज झाकली, असं मी इतके दिवस धरून चाललो. आता वाटते, तुम्ही तुमचीही झाकली असेल. तशी खूण तुम्ही पहिल्यांदा पाहत नव्हतात, तुमच्या धोट्यानंही ती झाली होती.

तर त्या भांडणानंतर दोन दिवस आपण बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही चहा पिताना म्हणालात, "एक काम कर. थांबायच्या आधी सांगत जा."

"कोणाले?"

"घराले. मोठ्यानं म्हण, थांबून राहिलो. मी विचारीन, कायले? तू सांग, पाणी प्याले. मंग ऊठ."

मला हसू आलं. चाळिशी उलटलेला माणूस, पाणी प्यायला उठतो म्हणून ओरडून सांगायचं? पण तुमच्या तोंडावर चेष्टा नव्हती. आणि मी भांडून थकलो होतो. दुपारी मी पहिल्यांदा म्हटलं, "थांबून राहिलो." तोंडातल्या तोंडात.

"ऐकू नाही आलं," तुम्ही.

"थांबून राहिलोऽ!"

"कायले?"

"पाणी प्याले!"

शेजारच्या गुलाबनं खिडकीतून डोकं काढलं. "काय गा, वरठीचं टेशन झालं काय तुमच्या घरी? गाडी थांबून राहिली म्हणते." पुढं महिनाभर तो मला "गार्डसाहेब" म्हणायचा. रस्त्यात भेटला की, "गार्डसाहेब, आज गाडी लेट आहे काय?"

आरू पहिले कितीतरी दिवस लपतच होती. मला वाटलं, याचा काही फायदा नाही. तुम्ही म्हणालात, "थांब ना. तूही एका दिवसात नाही शिकला." मग एका दुपारी मी ओरडलो, "थांबून राहिलोऽ!" आणि तुम्ही काही बोलला नाहीत. मुद्दाम की काय, सूत ओवत बसलात. मी तुमच्याकडे पाहतो आहे, तुम्ही सुताकडे. आणि कोठीमागून आवाज आला, लहानसा,

"कायले?"

तो शब्द तिला कोणी शिकवला नव्हता. पूर्ण सवाल म्हणावा असा तिचा तो पहिलाच. मी मागाखालच्या, पाय सोडायच्या खड्ड्यात उभा. सुनंदा स्वयंपाकघरातून धावत आली, हात पिठानं भरलेले. तुम्ही हळूच म्हणालात, "जवाब दे बे. लेकरू विचारून राहिलं."

"पाणी प्याले," मी म्हटलं. मला आणखी काही सुचलं नाही.

ती बाहेर आली. पूर्ण नाही, अर्धी. तिनं पाहिलं, मी खरंच माठाकडे गेलो, खरंच पाणी प्यायलो. तपासून पाहिलं तिनं. त्यानंतर मी जे सांगेन तेच करायचं, हे मला आपोआप शिकावं लागलं. पाणी म्हटलं की पाणी.

तो "कायले" नंतर थांबला नाही, हे तुम्ही सगळं पाहिलंच आहे. सूर्य कायले जाते, बकरी कायले खोकलते, गुलाबकाकाले केस कायले नाही. दिवसभर. ताई म्हणाल्या, आबाजी, तुमच्या घरचं भाषण सुरू झालं. तुमचा गुडघा धरला तेव्हापासून मी तुम्हाला गाडीवर अंगणवाडीत सोडायला लागलो. आधी बाहेर हातपंपाजवळ उभा राहायचो. मग दारात. मग एकदा ताई म्हणाल्या, "या की आत, खुर्ची आहे." आणि तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, "आणलो बा एकदाचा. हा ओरिजिनल वडील." किराणावाला पोरगा सरकून बसला, मला जागा दिली. मी तिथं काही बोललो नाही. पण जात राहिलो.

आता एक लाजिरवाणी गोष्ट. मला आरूचा हेवा वाटायचा.

तुम्ही जमिनीवर बसायचात, रिकाम्या कांड्यांचे बैल करायचात, ते बैल चिखलात अडकायचे, तुम्ही "हुर्र हुर्र" करायचात. ती तुमच्या मिशा ओढायची. एकदा तिनं तुमचा चष्मा तोडला, काडी हातात घेऊन उभी, आणि तुम्ही म्हणालात, "तुटला काय? मंग आता आबाजीले सारं जग मऊ दिसंन." मी मागावर बसून ते ऐकत होतो. माझ्या हातून तुमची बिडीची पेटी ओली झाली होती तो दिवस मला आठवत होता. माझ्या मनात यायचं, हा माणूस कुठं होता? आणि पाठोपाठ यायचं, आहे ना आता, आहे तोवर पाहून घे. दोन्ही एकाच वेळी यायचं. बहुतेक वेळा दुसरंच जास्त यायचं, हेही खरं सांगतो.

तुमच्या शेवटच्या महिन्यात तुम्ही अंगणात खाटेवर असायचात. सकाळची वेळ, आरू शाळेत, सुनंदा आत. मी तुमच्या पायाला तेल लावत होतो. तुम्ही विचारलंत, "मी तुले लय मारलो ना रे?"

मी म्हटलं, "सोडा ना बाबा. जुनी गोष्ट आहे."

"सोडा नको म्हणू. हो म्हण."

"काही नाही हो. आठवतही नाही मले."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग पाय हळूच ओढून घेतलात आणि म्हणालात, "बरं."

मला वाटलं, मी मोठेपणा केला. म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवायचं. आत सुनंदाला सांगितलंही. त्यानंतर तुम्ही तो विषय काढला नाही. आणि मग एका सकाळी चहा अर्धा ठेवून तुम्ही गेलात.

मी काय केलं ते मला कारध्याला कळलं. तुमच्या अस्थी घेऊन आम्ही वैनगंगेच्या घाटावर गेलो होतो. काका, मी, सुनंदा, आरू. मी पाण्यात उतरलेलो, आणि मागं पाहतो तर आरू खालच्या ओल्या पायरीवर, एक पाय पुढं टाकलेला. मी ओरडलो. जसं पूर्वी ओरडायचो तसंच, पूर्ण. ती तिथंच गोठली. तिनं गुडघे दुमडायला सुरुवात केली, आणि घाटावर लपायला कोठी नव्हती.

मी वर आलो, तिच्यासमोर पायरीवर बसलो. धोतर भिजलेलं, पाणी गळत होतं. बैठकीत ताईंनी सांगितलं होतं, ओरडून झालं तर "काही नाही झालं" म्हणू नका. लेकराला माहीत असते काय झालं. जे झालं ते नाव घेऊन सांगा. मी विचारलं, "मी ओरडलो ना?"

"हो," ती म्हणाली. "लय जोरात."

"भेव लागलं?"

"हो."

"चुकलो मी. तू पाण्यात जाशीन म्हणून मले भेव लागलं."

तिनं विचारलं, "तू भी भेला?"

"हो."

काका वरून म्हणाले, "पोरीसमोर हात जोडून राहिला काय बे? चाल, गुरुजी थांबले." आरूनं माझ्या गालावरचं पाणी पुसलं, नदीचं होतं की कशाचं माहीत नाही, आणि म्हणाली, "आता जिलेबी?" तिच्याकडून तो विषय संपला होता.

आणि बाबा, त्या पायरीवर मला कळलं. तिनं "हो" म्हटलं म्हणून मला "चुकलो" म्हणता आलं. ती जर म्हणाली असती, काही नाही बाबा, आठवत नाही, तर माझं ते माझ्याच गळ्यात राहिलं असतं. तुम्ही त्या खाटेवर माझ्याकडून तेवढंच मागत होतात. तुम्ही इतक्या गुरुवारी जाऊन शिकलेलं वाक्य तयार ठेवलं होतं आणि मी दार लावून घेतलं. माझा सगळ्यात मोठा गुन्हा धोट्याचा नाही, हा आहे. मी तुम्हाला माफी मागू दिली नाही. मी मोठेपणा केला नव्हता. मी लपलो होतो. पोत्यांमागं, चाळिशी उलटून.

हे ओझं आहे, पण विचित्र गोष्ट सांगू, मी दुःखी नाही. तेरवीच्या जेवणाला ताई आल्या होत्या. म्हणाल्या, आबाजींना द्यायचं ते उत्तर मला अजूनही सापडलं नाही. मग आरूकडे पाहून म्हणाल्या, पण त्यांनी विचारायचंच सोडून दिलं होतं. गुलाब वाढपी झाला होता. प्रत्येक पंगतीत वाढणं थांबवायच्या आधी ओरडायचा, "थांबून राहिलोऽ!" आणि पंगतीतली पोरं ओरडायची, "कायलेऽ?" सगळ्या गल्लीत आता हे चालते. तुमचं एवढं राहिलं आहे, आणि हे काही कमी नाही.

आज सकाळी मी मागावर बसलो. इतके दिवस बंद होता, पहिले काही हात कोरडे गेले, मग लय लागली. आरू खाली बसली होती, तुमच्या चरख्याजवळ, रिकाम्या कांड्यांचे बैल घेऊन. कोशाचं सूत उन्हात पिवळं दिसत होतं. मी विणत होतो आणि त्या खाटेचा विचार करत होतो, आणि त्या नादात एकदम थांबलो. न सांगता. लक्षात आलं तेव्हा आधी कोठीकडे पाहिलं. घर अगदी शांत झालं.

आरूनं वरसुद्धा पाहिलं नाही. एका बैलाचा पाय चिखलात अडकला होता, ती तो काढत होती. तुमच्यासारखंच, शब्द लांबवून, मान न उचलता तिनं विचारलं,

"कायले?"

"आबाजीसंग बोलाले," मी म्हटलं.

"मंग बोल ना."

मी चरख्याकडे पाहिलं. अर्ध्या भरलेल्या कांडीकडे.

हो बाबा. लय मारलं. मी भ्यायचो.

आता तुम्ही बोला.